पुरावा म्हणून फोटो जोडा

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! टेम्पोवाल्याने तिसऱ्या मजल्यावर सामान चढवताना इतक्या वेळा कपाळाला हात लावला, की मला वाटलं, भाडं राहू दे, हा शाप देऊनच जाणार. तसं सामान ते केवढं! एक गादी, एक टेबल, दोन खुर्च्या, भांडी आणि पुस्तकांची खोकी. त्या खोक्यांनीच त्याचा जीव काढला.

पण घर छान आहे. दोनच खोल्या, तरी पुढच्या खोलीला जवळजवळ भिंतीएवढी खिडकी. सकाळभर ऊन फरशीवर लोळत असतं. भिंतींना नवा रंग आहे, त्याचा वास अजून गेलेला नाही. मला तो आवडतो. कुणीतरी आपली वाट बघत होतं असं वाटतं.

घरमालकीण तळमजल्यावर राहतात, एकट्याच. सगळे त्यांना काकू म्हणतात. मीही लगेच म्हणायला लागले. गुडघ्यांमुळे जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तरी पहिल्या तासात दोनदा वर येऊन गेल्या. एकदा चहा घेऊन आणि एकदा रिकामा कप न्यायला. नवरा कुठे असतो, हे त्यांनी तिसऱ्याच वाक्यात विचारलं. मी म्हटलं, होता एक, पण नंबर जुळला नाही. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईने करावा असाच विनोद. काकू इतक्या हसल्या की त्यांना जिन्याचा कठडा धरावा लागला.

उद्यापासून नवं दुकान. काम तेच, काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. ताईचा दोनदा फोन आला. दार नीट लागतं का, साखळी आहे का, शेजार कसा आहे. माझी चाळिशी आली तरी तिला मी शाळेतलीच वाटते.

आईचा चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिचा शेवटचा, काचा मीच घासल्या होत्या. आई गेली त्याला वर्ष झालं. तिला हे ऊन फार आवडलं असतं.

रविवार, १० मार्च

दुकान बरं आहे. मालक कमी बोलतात आणि यंत्र जास्त बोलतं, पण ते माझ्या सवयीचं. काल एका आजोबांना नवा चष्मा लावून दिला. त्यांनी आधी रस्त्यावरची पाटी वाचली, मग बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस? बायकोने तिथल्या तिथे त्यांचा उद्धार केला.

आज स्वतःलाच एक भेट घेतली. एका लिलावाच्या साइटवर आईकडे होतं तसं हाताने फिरवायचं शिवणयंत्र दिसलं. काळं, बाजूला सोनेरी वेलबुट्टी. बोली लावली, कुणीतरी वर चढलं, मी त्याच्यावर चढले. शेवटी यंत्र माझं! विकणाऱ्याने स्वतःचं नाव ‘विश्वासू’ ठेवलंय. ताई फोनवर म्हणाली, ज्याला स्वतःला विश्वासू म्हणवून घ्यावं लागतं त्याच्यापासून दहा हात लांब राहावं. तिला प्रत्येक आनंदात मीठ कालवायची सवयच आहे.

शुक्रवार, १५ मार्च

ताई बरोबर होती. हे तिला मी मरेपर्यंत सांगणार नाही.

खोकं आलं, चांगलं जड. काकू मुद्दाम यंत्र बघायला वर आल्या. टेबलावर ठेवून उघडलं, तर आत विटा. जुन्या, फुटक्या, चादरीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेल्या. काकूंनी एक वीट हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, यंत्र कुठेतरी आत लपलंय की काय अशी. मग दोघीही हसत सुटलो. रडण्यापेक्षा बरं.

लगेच साइटवर तक्रार केली. तिथे लिहिलं होतं, पुरावा म्हणून फोटो जोडा. वस्तू जिथे उघडली ती जागाही स्पष्ट दिसली पाहिजे. टेबल, त्यावर खोकं, खोक्यात विटा, असा झकास फोटो काढला. यापेक्षा ढळढळीत पुरावा कुठला? आंधळ्यालाही दिसेल.

मंगळवार, १९ मार्च

आंधळ्याला दिसेल, पण यांना नाही. उत्तर आलं: ‘विक्रेत्याने सांगितलेलं वजन आणि पोचलेलं वजन एकच आहे. तक्रार बंद करण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली?’ खाली पाच तारे.

एक तारा दिला. कारण विचारलं. मी लिहिलं, विटांनी शिवता येत नाही. त्यावर उत्तर: ‘आपलं समाधान झाल्याचा आनंद आहे.’

फोन केला. आधी वाजंत्री वाजली, मग एक अतिशय गोड मुलगी आली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमची अडचण मी समजू शकते. म्हटलं, मग सोडवा. ती म्हणाली, तक्रार बंद आहे, बंद तक्रारीवर बोलता येत नाही. म्हटलं, बंद का केली? ती म्हणाली, त्याबद्दल वेगळी तक्रार करावी लागेल. एवढ्या गोड आवाजात कुणी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं नव्हतं.

मालक म्हणाले, सोडून द्या. ताई म्हणाली, सोडून दे. सगळ्या जगाला सोडून द्यायची भारी घाई. लहानपणी बाबा मला गोचीड म्हणायचे, ते काही लाडाने नव्हे. नवी तक्रार केली. तिच्यात तोच फोटो.

शुक्रवार, २२ मार्च

टेबल नाही.

दुकानातून आले, कुलूप उघडलं, आणि पुढच्या खोलीत नुसती फरशी. विटा भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या. टेबल तेवढं गेलेलं. काकू दिवसभर ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मांजरसुद्धा वर गेलं नाही. कुलूप जसंच्या तसं. आणि ते टेबल दारातून सहज निघतही नाही. आणताना टेम्पोवाल्याने त्याचे पाय काढले होते.

मग काय सुचलं कोण जाणे, साइट उघडली. ‘विश्वासू’च्या दुकानात माझं टेबल. माझाच फोटो, मी तक्रारीत जोडलेला; कडेला माझ्या अंगठ्याची सावलीसुद्धा आहे. फक्त खोकं आणि विटा नाहीत. खाली लिहिलंय: विकलं गेलं.

चौकीत गेले. हवालदार म्हणाले, ऑनलाइन भानगड आहे, साइटवाल्यांना सांगा. साइटला फोन केला. गोड मुलगी म्हणाली, चोरी आहे, पोलिसांना सांगा. परत चौकीत गेले. हवालदारांनी यावेळी खुर्ची तरी दिली.

घाबरले का? थोडी. पण रागाचा पारा भीतीच्या वर आहे, आणि तो तसाच राहू दे.

रविवार, २४ मार्च

चोरीची तक्रार साइटवरही ठोकली. पुन्हा तेच: फोटो जोडा, जिथून वस्तू गेली ती जागा दाखवा. मोबाइल काढला तेवढ्यात काकू वर आल्या. त्यांना कळलं तेव्हा खिडकीपाशी जाऊन पदर सारखा करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, साक्षीदार म्हणून मला पण घे. बघू दे मेल्यांना, बाई एकटी नाही म्हणावं. त्या उन्हात, शेजारी कट्ट्यावर आईचा चष्मा, पुढे मोकळी फरशी. फोटो फार सुरेख आला. पाठवून दिला.

या साइटवर फसलेल्यांचं इंटरनेटवर एक पान आहे, ते आज सापडलं. पुष्कळ लोक आहेत. तिथे एका गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी एकच ओळ लिहिली होती: ‘विश्वासू’ची तक्रार करू नका. खाली फोन नंबर होता. फोन लावला. लग्नाच्या बॅण्डमध्ये पिपाणी वाजवायचे म्हणे. आता वाजवत नाहीत. मी हकिकत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, जे गेलं ते गेलं म्हणा. फोटो पाठवलात का? मी हो म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

मंगळवार, २६ मार्च

‘चष्मा. बायकांचा, वापरलेला. डाव्या काचेवर बारीक ओरखडा.’

आईचा. लिलाव चालू होता. मी बोली लावायला गेले, तर माझं खातं गोठवलेलं. का, तर फार तक्रारी केल्यामुळे. बोली लावता येत नाही. तक्रार मात्र करता येते!

गोड मुलीला फोन केला. वाजंत्री ऐकत मी कट्ट्याकडे बघत होते, डोळ्याची पापणी लवू न देता. मुलगी आली, मी नमस्कार ऐकायला क्षणभर मान वळवली. परत बघितलं तेव्हा कट्टा रिकामा. ऊन तेवढं पडलेलं.

रडले. मग तोंड धुतलं आणि आरडाओरडा केला. रिकाम्या खोलीत उभी राहून ‘विश्वासू’ला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आईने ऐकल्या असत्या तर तोंड शिवलं असतं, यंत्र नसतानाही.

पण आता एक गोष्ट कळलीय. तक्रारीच्या फोटोत जे दिसतं, ते त्याला मिळतं. तक्रार म्हणजेच त्याच्या दुकानातला माल.

मग आठवलं, फोटोत आणखी काय होतं.

गुरुवार, २८ मार्च

हे लिहवत नाही. तरी सगळं लिहिणार.

सकाळी ‘विश्वासू’च्या दुकानात ती पाटी लागली. ‘वृद्ध स्त्री. गुडघे कमजोर. बोलणं भरपूर.’ फोटोत काकू, खिडकीपाशी, पदर सारखा केलेल्या. मुदत आज दुपारची.

आज कामावर येत नाही असं मालकांना कळवलं आणि धावत खाली गेले. काकू जिवंत, धडधाकट, भांडी घासत होत्या. दाखवलं. आधी हसल्या. मग बोली बघून म्हणाल्या, एवढीच? मी म्हटलं, काकू, हे हसण्यावारी नेऊ नका, चला, ताईकडे जाऊ. त्या म्हणाल्या, माझ्या घरातून मला कोण काढतो ते बघतेच. ते ऐकून मलाही जोर आला. दारं लावली, कड्या घातल्या. त्या पिपाणीवाल्या गृहस्थांना, आता मी त्यांना मामाच म्हणते, फोन करून म्हटलं, तुम्ही तरी काकूंवर बोली लावा. ते नाही म्हणाले. नाही, नाही, नाही, असंच म्हणत राहिले.

मग तक्रार विभागाला फोन. वाजंत्री. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ काकू माझ्यासमोर बसल्या होत्या, माझा हात धरून. मुदत संपत आली. दाराची घंटा वाजली. मी काकूंना मान हलवून नको म्हटलं. त्याच क्षणी गोड मुलगी आली, माझं पूर्ण नाव विचारलं, आणि मी सांगितलं. नावच सांगितलं फक्त. हातात हात नव्हता.

दार सताड उघडं. उंबऱ्यावर काकूंच्या चपला, एकीवर एक.

मुलगी विचारत होती, आणखी काही मदत करू शकते का?

शुक्रवार, २९ मार्च

हवालदार घर बघून गेले. म्हातारं माणूस, गेल्या असतील कुठेतरी, येतील. चपला न घालता? त्यावर म्हणाले, तसंही होतं कधीकधी.

मामांचा स्वतःहून फोन आला. त्यांना पिपाणीच्या खोक्यात दगड आले होते. फोटो काढताना खोकं त्यांच्या बायकोने धरलं होतं. एवढं बोलून ते रडायला लागले. म्हणाले, तेव्हापासून मी तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, मामा, तोंड मिटून बायको परत आली का?

कठोर बोलले. पण खोटं नाही बोलले.

ताई म्हणते, आत्ताच्या आत्ता निघून ये. जाणार नाही. मी गेले तर काकूंची चौकशी करणारं कोण उरलं?

शनिवार, ३० मार्च

काकूंची तक्रार साधी माणसं घेत नाहीत, वरिष्ठ विभागात जावी लागते. तिथे अट आहे: तक्रारदाराचा चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो जोडा. त्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.

मला कळत नाही असं नाही. पण तो कधी येतो, कसा येतो, हे मला बघायचंय. काकूंच्या वेळी माझी मान वळलेली होती. या वेळी वळणार नाही.

खिडकीत उभी राहिले, केस विंचरले, थेट भिंगात बघितलं. पाठवला.

रविवार, ३१ मार्च, सकाळ

लागले मी. ‘स्त्री. मध्यम वय. दृष्टी उत्तम. स्वभाव हेकट.’

हेकट! हे मात्र त्याने खरं लिहिलं.

कुणीतरी बोली लावतंय. नाव दिसत नाही. मुदत आज दुपारची. ताईला आणि मामांना सगळं कळवलं.

दुपार

घंटा वाजली. मुदतीच्या पुष्कळ आधी. घाई झालीय वाटतं.

साखळी तशीच ठेवून फटीतून बघितलं. सामान पोचवणाऱ्याचे कपडे. टोपी. हातात खोकं, माझ्या उंचीचं, झाकणं उघडी. आत काही नाही. चेहऱ्याकडे बघितलं तर— तिथे बघायला काही सापडत नाही, नजर घसरते, ओल्या काचेवरून बोट घसरावं तशी. मी आयुष्यभर लोकांना दिसेल असं करत आले. मला दिसत नाही असं होऊ देणार नाही. परत बघितलं. परत.

मग फटीतून मोबाइल धरला आणि त्याचा फोटो काढला.

तक्रार: हा माणूस माझ्या दारात उभा आहे. पुरावा म्हणून फोटो जोडला आहे.

थोड्या वेळाने

लागला! ‘विश्वासू’च्या दुकानात विश्वासू! माझ्या दाराची फट, टोपी, खोकं. वर्णनाची जागा कोरी आहे. पहिल्यांदाच त्याला लिहायला काही सुचलेलं नाही.

त्याची मुदत माझ्या आधी संपते. थोडीशीच आधी.

पण बोली नाही. एकही नाही. कोण घेणार त्याला? माझं खातं गोठलेलं— फसलेल्यांच्या पानावर लिहिलं, मोठ्या अक्षरांत: याला विकत घ्या. कुणीतरी याला विकत घ्या.

दार हलतंय. साखळी घट्ट आहे.

पहिली बोली! मामांची. फोन आला, म्हणाले, बाई, माझ्या दारात खोक्यात येऊन पडू दे तो, मग बघतो. मागे त्यांनी पिपाणी काढल्याचा आवाज— नाही, भास नव्हता, वाजवली त्यांनी, एकच सूर.

आणखी एक बोली. आणखी. न ओळखीची माणसं. आणि ताई! ताईने खातं उघडून बोली लावली. निरोप आला: सोडू नकोस त्या मेल्याला.

दार वाजायचं थांबलं. बाहेर खोकं जमिनीवर टेकल्याचा आवाज.

तो जातोय? जिना— नाही, पावलं नाहीत. उभा आहे. श्वास ऐकू येतो. आता त्याचाच जोरात चाललाय.

त्याची मुदत संपत आली. आणि काकू? मामांची बायको? तो गेला की विचारणार कुणाला? आत्ताच विचारायला हवं, तो विकला जायच्या आत—

साखळी काढतेय. वही दाराशीच घेतलीय, भिंतीला टेकवून लिहितेय.

काढली.

त्याला सांगितलं, आता पुरावा तू द्यायचा. काकू कुठे आहेत ते दाखव. तो मागे सरकला. मागे! एक पायरी— मी उंबऱ्यावर उभी आहे. खोक्याच्या आतून कुणीतरी खोकलं, ओळखीचं, काकूंसारखं— मी वाकून बघणार आहे. लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, की तक्रार करणाऱ्या बाईने पुरावाच—